बाईचं हिमोग्लोबिन एवढंच असतं?

(काळेवाडी येथे वस्तीतील महिला मंडळे व बचत गटांच्या एकत्रित बैठकीत केलेल्या भाषणाचे शब्दांकन. वक्त्या समाजकार्य विषयातील पदव्युत्तर पदवीधर असून वस्तीपातळीवर आरोग्याचे काम करतात.)



आजच्या बैठकीचं निमंत्रण देताना एक गोष्ट मुद्दाम सांगितली होती. घरात असेल तो रक्ताचा रिपोर्ट घेऊन या. बऱ्याच जणींनी आणले आहेत. कुणाचा बाळंतपणाच्या वेळचा आहे, कुणाचा मागच्या पावसाळ्यात ताप आला होता तेव्हाचा, कुणी नवऱ्याचा आणि सासूचाही आणला आहे. हे कागद आपण जपून ठेवतो. त्यासाठी पैसे मोजलेले असतात, कामाचा खाडा झालेला असतो. पण तो कागद उघडून आपण स्वतः वाचला, असं किती जणींच्या बाबतीत झालं? रिपोर्ट आपण डॉक्टरांच्या हातात देतो, ते दोन सेकंद बघतात, 'रक्त कमी आहे' म्हणतात, गोळ्या लिहून देतात. आपण कागदाची घडी घालून परत येतो.

मी डॉक्टर नाही. त्यामुळे कोणत्या आजाराला कोणतं औषध, हे मी सांगणार नाही. रिपोर्टातले आकडे काय सांगतात, काय सांगत नाहीत आणि ते बघून आपण डॉक्टरांना काय विचारायचं, एवढंच आज बोलायचं आहे. रक्त आपलं आहे. त्याबद्दलची माहिती आपल्याला कळली पाहिजे, हा आपला हक्क आहे.

'नॉर्मल' म्हणजे काय?

रिपोर्टवर साधारण तीन रकाने असतात. पहिल्यात तपासणीचं नाव, दुसऱ्यात आपला आकडा आणि तिसऱ्यात 'नॉर्मल' कुठून कुठपर्यंत ते. आपला आकडा त्या हद्दीबाहेर असेल तर तो ठळक छापतात किंवा बाजूला बाण काढतात. बाण बघितला की आपल्या पोटात गोळा येतो.

ही हद्द कशी ठरते? बहुतेक तपासण्यांत पुष्कळ निरोगी माणसांचं रक्त तपासतात आणि त्यांच्यापैकी मधल्या ९५ टक्के लोकांचे आकडे ज्या हद्दीत येतात, ती 'नॉर्मल' धरतात. म्हणजे शंभरातली पाच माणसं धडधाकट असूनही हद्दीबाहेर जातात. आता हिशेब करा. एकमेकींशी संबंध नसलेल्या वीस तपासण्या एकदम केल्या, तर पूर्ण निरोगी बाईच्या रिपोर्टमध्येही निदान एक बाण येण्याची शक्यता चौसष्ट टक्के असते. साठ-सत्तर तपासण्यांचं 'पॅकेज' घ्या म्हणून जाहिराती येतात, तेव्हा हे आठवा. जास्त तपासण्या म्हणजे जास्त आरोग्य, असं नाही. त्या बाणापायी पुढे आणखी तपासण्या, आणखी खर्च आणि घरभर काळजी सुरू होते.

म्हणून एखादा बाण आला की घाबरायचं नाही. आकडा हद्दीच्या किती बाहेर आहे, मागच्या वेळी किती होता आणि आपल्याला त्रास काय होतो आहे, या तिन्ही गोष्टी एकत्र बघायच्या.

पण याच्या उलटही घडतं. आकडा खरोखरच वाईट असतो आणि कुणी घाबरत नाही. आपल्या हिमोग्लोबिनच्या बाबतीत नेमकं हेच होतं.

हिमोग्लोबिन

रक्ताला लाल रंग देणारा हा पदार्थ. फुप्फुसातला प्राणवायू उचलून तो शरीरभर पोचवतो. तो कमी पडला की जिना चढताना धाप लागते, छातीत धडधडतं, पाय ओढतात, डोकं जड होतं, चिडचिड होते. काही जणींना माती, खडू, कच्चे तांदूळ खावेसे वाटतात. शंभर मिलिलिटर रक्तात किती ग्रॅम हिमोग्लोबिन आहे, तो आपला आकडा.

जागतिक आरोग्य संघटनेच्या मापाप्रमाणे गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन १२ किंवा त्याहून जास्त असलं पाहिजे. ११ ते १२ च्या मधे असेल तर सौम्य रक्तक्षय, ८ ते ११ च्या मधे मध्यम आणि ८ च्या खाली तीव्र. गरोदरपणात रक्तातलं पाणी वाढतं, म्हणून तिथे माप ११ चं धरतात. त्यातही मधल्या तीन महिन्यांसाठी साडेदहा. गरोदर बाईचं ७ च्या खाली गेलं तर तो तीव्र रक्तक्षय, आणि तिथे घरी बसून गोळ्या खाणं पुरत नाही, दवाखाना गाठावाच लागतो. अशा बाईचं बाळंतपणात नेहमीएवढंच रक्त गेलं तरी तिच्या जिवावर बेतू शकतं.

आता तुमच्या हातातले कागद बघा. नऊ, साडेआठ, दहा. आणि हे आकडे बघून आपल्याला काय सांगितलं जातं? 'बाईचं एवढंच असतं.' हे डॉक्टर म्हणतात, सासू म्हणते, आपण स्वतःही म्हणतो. दहा निघालं तर 'बरं आहे की' म्हणून आनंद होतो.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ या काळात झाली. त्यात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या बायकांपैकी ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. त्याच वयाच्या पुरुषांत हे प्रमाण २१.९ टक्के होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त बायकांचं रक्त कमी. एखादी गोष्ट इतक्या जणींना असली की ती नेहमीचीच वाटायला लागते. पण सर्रास आढळणारी गोष्ट निरोगी असते असं नाही. गावातल्या निम्म्या माणसांना ताप आला तर ताप हेच नॉर्मल असं कुणी म्हणणार नाही. बाईच्या रक्ताबद्दल मात्र म्हणतात, कारण बाईनं थकलेलं असणं हेच सगळ्यांच्या सवयीचं झालेलं आहे.

आणखी एक बघा. आपल्यापैकी बहुतेकींचं हिमोग्लोबिन पहिल्यांदा मोजलं गेलं ते पोटात मूल असताना. मूल झालं की मोजणं बंद. त्या रक्ताची काळजी होती ती मुलासाठी होती. वाकड, पिंपळे सौदागरला चार घरची कामं करणारी, भोसरीच्या वर्कशॉपमध्ये आठ तास उभी राहणारी, चाकणच्या कंपनीत कंत्राटावर जाण्यासाठी पहाटे बस पकडणारी बाई मूल नसतानाही माणूस असते, तिलाही रक्त लागतं.

रक्त जातं कुठे?

रक्तक्षय हा आकडा आहे. त्याचं कारण रिपोर्टमध्ये छापलेलं नसतं, ते शोधावं लागतं. म्हणून 'रक्त कमी आहे' एवढ्यावर उठायचं नाही. 'का कमी आहे?' हे विचारायचं.

पहिलं कारण खाण्यातलं. जेवणात लोह कमी असतं, आणि भाजी-भाकरीतलं लोह शरीर थोडंच घेतं. त्यात जेवणाबरोबर किंवा जेवल्या जेवल्या चहा घेतला तर आणखी कमी घेतलं जातं. लिंबू, आवळा, पेरू अशा आंबट फळांनी ते जास्त घेतलं जातं. बीट लाल असतं म्हणून रक्त वाढतं, ही समजूत आहे. त्याच्यापेक्षा अळीव, बाजरी, हिरव्या पालेभाज्या बऱ्या आणि खाणाऱ्यांना मटण, कलेजी. पण ताटात काय आहे एवढाच हा प्रश्न नाही. ताटावर कोण कधी बसतं, हाही आहे. सगळ्यांना वाढून झाल्यावर पातेल्यात जे उरतं ते जिच्या वाट्याला येतं, तिला आहाराचा तक्ता देऊन काय होणार?

दुसरं कारण पाळीतलं. एक मिलिलिटर रक्ताबरोबर सुमारे अर्धा मिलिग्रॅम लोह जातं. पाळीत साधारण तीस-चाळीस मिलिलिटर रक्त जातं. ८० च्या वर गेलं तर ती जास्तीची पाळी. तेवढ्यात महिन्याला ४० मिलिग्रॅम लोह निघून जातं, आणि आपल्या जेवणातून दिवसाला अंगी लागतं ते जेमतेम एक-दोन मिलिग्रॅम. घरी मोजणार कसं? सात दिवसांपेक्षा जास्त जातं का, तासा-दोन तासाला कापड किंवा पॅड बदलावं लागतं का, रात्री उठावं लागतं का, रुपयाच्या नाण्यापेक्षा मोठ्या गाठी पडतात का? यातलं काही असेल तर डॉक्टरांना स्पष्ट सांगा. लाजू नका. जास्त रक्त जाण्यामागे गर्भाशयातली गाठ असू शकते, थायरॉइड असू शकतं, तांबी असू शकते. तपासल्याशिवाय कळत नाही.

इथे एक धोका सांगते. 'रक्त जातंय, पिशवी काढून टाका' असं झटकन सांगितलं जातं. आपल्यातल्या अनेक जणी बीड, लातूर, धाराशिवकडून इकडे आलेल्या आहेत. त्यांना हे सांगायला नको. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांत गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया फार मोठ्या प्रमाणात झाल्याचा प्रश्न २०१९ साली राज्यभर गाजला आणि सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या होत्या. तेव्हा शस्त्रक्रिया सुचवली तर कारण काय, सोनोग्राफीत काय दिसलं, औषधाने होणार नाही का, हे विचारा आणि दुसऱ्या डॉक्टरचं मत घ्या.

आपला त्रास आपण सांगत नाही आणि कुणी तपासत नाही, हे जुनं दुखणं आहे. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली. तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोगांपैकी काही ना काही होतं आणि त्याआधी तपासणी व उपचार मिळाले होते ते फक्त ८ टक्के बायकांना. गडचिरोली दूर आहे, पण अंगावर काढणं काळेवाडीतही तसंच चालतं.

तिसरं कारण लागोपाठची बाळंतपणं. एका गरोदरपणात आणि बाळंतपणात मिळून सुमारे हजार मिलिग्रॅम लोह लागतं. ते भरून निघायच्या आत पुन्हा दिवस गेले तर भर कुठून येणार? चौथं कारण मूळव्याध, जंत, पोटातला अल्सर. आणि पाचवं रक्ताच्या अनुवंशिक आजाराचं. त्याबद्दल आता सांगते.

एम.सी.व्ही. नावाचा छोटा आकडा

सी.बी.सी. म्हणून जी तपासणी होते तिच्यात हिमोग्लोबिनच्या खाली एम.सी.व्ही. असा आकडा असतो. तांबड्या पेशी आकाराने केवढ्या आहेत, ते तो सांगतो. ८० ते १०० ही साधारण हद्द. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि आकडा ८० च्या खाली जातो. बी-१२ किंवा फॉलिक अॅसिड कमी असेल तर पेशी मोठ्या होतात, आकडा १०० च्या वर जातो. मांस-मच्छी न खाणाऱ्या आणि दूधही कमी मिळणाऱ्या बायकांत बी-१२ कमी असणं पुष्कळ दिसतं. तिथे नुसत्या लोहाच्या गोळ्या खाऊन उपयोग नाही. दोन्ही कमी असलं तर आकडा मधेच राहून फसवतोही.

पेशी लहान आहेत, लोहाच्या गोळ्या नीट घेतल्या, तरी हिमोग्लोबिन हलत नाही, असं झालं तर थॅलेसेमिया मायनरचा विचार करावा लागतो. हा आईबापाकडून आलेला गुण असतो, त्या बाईला फारसा त्रास नसतो. सिंधी समाजात याचं प्रमाण जास्त आहे. फाळणीनंतर वसलेला पिंपरी कॅम्प आपल्या शेजारीच, पवनेच्या पलीकडे आहे. पण इतर जातीजमातींतही तो असतो. तसाच सिकलसेल, विदर्भात आणि नंदुरबारकडे जास्त. नवरा-बायको दोघांतही हा गुण असेल तर प्रत्येक खेपेला मूल गंभीर आजार घेऊन जन्मण्याची शक्यता चारात एक असते. यासाठी हिमोग्लोबिनची वेगळी तपासणी असते आणि ती दोघांचीही झाली पाहिजे. दोष सुनेच्या माहेरावर टाकून भागत नाही, मूल आजारी व्हायला दोन्हीकडून तो गुण यावा लागतो.

गोळ्यांचं काय?

सरकारी कार्यक्रमात गरोदर बाईला रोज एक याप्रमाणे १८० दिवस आणि बाळंतपणानंतर पुन्हा १८० दिवस लोहाची लाल गोळी देतात. हिमोग्लोबिन कमी निघालं तर डॉक्टर त्याहून जास्त देतात. कित्येक जणी चार दिवसांत गोळ्या बंद करतात, कारण मळमळतं, शौचाला काळं होतं. काळं होणं धोक्याचं नाही, ते लोहामुळे होतं. फार मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, रात्री घ्या, डॉक्टरांना गोळी बदलून मागा. एक चूक मात्र सगळीकडे दिसते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकाच वेळी गिळतात. कॅल्शियम लोहाला आत जाऊ देत नाही. दोन्हींत दोन तासांचं अंतर ठेवा.

महिनाभर गोळ्या नीट घेतल्या तर हिमोग्लोबिन निदान एक ग्रॅमने वाढलं पाहिजे. म्हणून महिन्याने पुन्हा तपासायला सांगा. वाढलं नाही तर कारण वेगळं आहे, पुढची तपासणी हवी. आणि आकडा १२ झाला म्हणून गोळ्या लगेच थांबवायच्या नाहीत. शरीरातला साठा भरायला आणखी दोन-तीन महिने लागतात. साठा किती आहे ते फेरिटिन नावाच्या तपासणीत कळतं. अशक्तपणा आला की सलाईन लावून घ्यायची पद्धत पडली आहे. त्या बाटलीत मीठपाणी किंवा साखरपाणी असतं, त्याने हिमोग्लोबिन वाढत नाही. त्या पैशात महिनाभराची फळं येतील.

तापाचे रिपोर्ट

पावसाळ्यात आपल्या भागात डेंग्यूची भीती असते. प्लेटलेट म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी. दीड लाख ते साडेचार लाख ही त्यांची नेहमीची हद्द. डेंग्यूत त्या कमी होतात, पण इतर विषाणूंच्या तापातही होतात. आकडा ८० हजारांवर आला की घरात रडारड सुरू होते, रक्तपेढ्यांत धावाधाव होते. रक्तस्राव नसेल तर १० हजारांच्या खाली जाईपर्यंत सहसा प्लेटलेट चढवण्याची गरज नसते. त्या आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. पोटात जोरात दुखणं, सारखी उलटी, हिरड्यांतून किंवा इतर कुठून रक्त येणं, सुस्ती, लघवी कमी होणं ही धोक्याची चिन्हं. आणि ताप उतरला की धोका टळला असं समजू नका. डेंग्यूत ताप उतरतानाचे एक-दोन दिवस सर्वात जपण्याचे असतात. पहिल्या चार-पाच दिवसांत एन.एस.-१ ही तपासणी उपयोगी, त्यानंतर आय.जी.एम.

दुसरी नेहमीची तपासणी विडाल. ताप आला, विडाल केली, 'टायफॉइड निघाला', इंजेक्शनं सुरू. विडालमध्ये टायफॉइडचे जंतू दिसत नाहीत. जंतूंविरुद्ध शरीराने तयार केलेली प्रतिद्रव्यं दिसतात. ती जुन्या आजाराची, लशीचीही असू शकतात. उलट खरा टायफॉइड असताना पहिल्या आठवड्यात विडाल कोरी येऊ शकते. एका विडालवर टायफॉइड ठरवणं भरवशाचं नाही. खात्रीची तपासणी म्हणजे रक्ताचं कल्चर, आणि तेही अँटिबायोटिक सुरू करण्याआधी. ज्या पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, तिथल्या बायकांनी तरी हे माहीत करून घ्यायला हवं की ही औषधं गरज नसताना घेतली तर गरजेच्या वेळी लागू पडत नाहीत.

पांढऱ्या पेशी ४ हजार ते ११ हजार. जंतुसंसर्गात वाढतात, पण गरोदरपणातही वाढतात, तेव्हा नुसत्या आकड्यावर घाबरू नका. ई.एस.आर. वाढला म्हणजे टी.बी. असंही नाही. रक्तक्षयात, गरोदरपणात, वय वाढल्यावरही तो वाढतो. टी.बी.चं निदान थुंकीच्या तपासणीने आणि एक्स-रेने करायचं.

साखर, थायरॉइड, किडनी

उपाशीपोटी साखर १०० च्या आत हवी. १२६ किंवा जास्त आली आणि दुसऱ्यांदाही तशीच आली तर मधुमेह. मधले आकडे म्हणजे सावध होण्याची वेळ. एच.बी.ए.वन.सी. ही तपासणी मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी सांगते. ५.७ च्या खाली ठीक, ६.५ पासून पुढे मधुमेह. पण लोह कमी असलेल्या बाईत हा आकडा खरा असतो त्याहून जास्त दिसू शकतो. म्हणून हिमोग्लोबिन आठ असलेल्या बाईने नुसत्या या आकड्यावर मधुमेहाची गोळी सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर तपासून घ्यावी. गरोदरपणात साखरेचं पाणी पाजून दोन तासांनी तपासतात. तिथे १४० किंवा जास्त आली तर उपचार लागतो. ही तपासणी मुलासाठी आहे तशी आपल्यासाठीही आहे, कारण अशा बाईला पुढे मधुमेह होण्याचा धोका जास्त असतो.

टी.एस.एच. वाढलेलं असेल तर थायरॉइड कमी काम करतं. थकवा, वजन वाढणं, पाळी जास्त जाणं, मन उदास राहणं हे सगळं त्यात येतं. 'आळशी झाली' म्हणून जिला बोलणी बसतात, तिची ही तपासणी जरूर करा. क्रिएटिनिन किडनीचं काम सांगतं. बारीक, कमी वजनाच्या बाईत ते मुळातच कमी असतं, म्हणून तिची किडनी बिघडू लागली तरी आकडा नॉर्मल दिसू शकतो. कंबरदुखीसाठी वर्षानुवर्षं वेदनाशामक गोळ्या खाणाऱ्या जणींनी हे डॉक्टरांना आवर्जून सांगावं.

रिपोर्ट कुणाचा?

रिपोर्ट तुमचा आहे. घरातल्या कुणीही, मालकाने किंवा मुकादमाने तो मागितला म्हणून द्यायलाच हवा असं नाही. एच.आय.व्ही.च्या बाबतीत तर २०१७ चा कायदा आहे, तो २०१८ पासून लागू आहे. बाईची संमती घेतल्याशिवाय, तिला समजावून सांगितल्याशिवाय तपासणी करता येत नाही. नोकरीसाठी ही तपासणी सक्तीची करता येत नाही. आणि नवऱ्याला कळवल्यास बाईला मारहाण होण्याची भीती असेल तर डॉक्टर किंवा समुपदेशकाने त्याला कळवू नये, असं कायद्यातच लिहिलं आहे. हे कलम आपल्या प्रत्येक कार्यकर्तीला पाठ हवं.

रिपोर्टवर सही कुणाची आहे, डॉक्टरचं नाव, शिक्षण आणि नोंदणी क्रमांक छापला आहे का, तेही बघा. रुग्णालयातून तुमचे कागद मागायचा तुम्हाला हक्क आहे. डॉक्टरांच्या आचारसंहितेच्या २००२ च्या नियमांत मागणी केल्यापासून ७२ तासांत कागद द्यावेत असं म्हटलेलं आहे. गरोदर बायकांना २०११ पासून जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली सरकारी दवाखान्यात तपासण्या, औषधं आणि लागलं तर रक्तसुद्धा मोफत मिळायला हवं. कुणी पैसे मागितले तर एकटीने वाद घालू नका, मंडळातल्या दोघी-तिघी मिळून जा.

आता आपण काय करायचं?

प्रत्येक रिपोर्ट घेऊन डॉक्टरांसमोर बसल्यावर तीन प्रश्न विचारायचे. हे कशामुळे? आता काय करायचं? पुन्हा कधी तपासायचं? प्रश्न विचारला म्हणून डॉक्टर चिडले तरी विचारायचं. एकटीला भीती वाटते, म्हणून सोबतीण घेऊन जायचं.

माझी सूचना अशी आहे. प्रत्येक गटाने एक वही घालावी. त्यात आपल्या सभासद बाईचं हिमोग्लोबिन आणि तारीख एवढंच लिहायचं, तेही तिची तयारी असेल तर. एच.आय.व्ही. किंवा दुसऱ्या कुठल्या आजाराची नोंद वहीत करायची नाही. सहा महिन्यांनी पुन्हा मोजायचं. बचत गटात आपण पाच-पाच रुपयांचा हिशेब ठेवतो, कुणाचा हप्ता चुकला ते आपल्याला तोंडपाठ असतं. कुणाचं रक्त साडेसातवर आलं आहे, हेही कळायला हवं. पंधरा-वीस गटांच्या वह्या एकत्र आल्या की महापालिकेच्या दवाखान्यात जाऊन आपण सांगू शकू, आमच्या वस्तीत एवढ्या बायकांचं हिमोग्लोबिन आठच्या खाली आहे, गोळ्यांचा साठा आणि तपासणीची सोय करा. ज्यांचं फारच कमी आहे त्यांना पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालयात कोण घेऊन जाणार, हेही आजच ठरवू.

आणि घरी गेल्यावर एक करून बघा. आज रात्री सगळ्यांबरोबर जेवायला बसा. वाढायला उठायचं असेल तर प्रत्येकाने आपापलं उठावं. पहिल्या दिवशी कुरकुर होईल, होऊ द्या.

आता ज्यांनी रिपोर्ट आणले आहेत त्यांनी पुढे या. पाच-पाच जणींचे गट करू आणि आधी हिमोग्लोबिनचा आकडा कुठे छापला आहे ते शोधू. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या शेजारी वाचता येणारी बसेल. प्रश्न मनात ठेवू नका, इथेच विचारा.